दोन मिनिटं चौदा सेकंद

१२ एप्रिल, शुक्रवार

आज पुन्हा! दुपारी दोनला. जेवून नुकती आडवी झाले होते, कूलर कसाबसा घरघरत होता, बाहेर बेचाळीस — आणि भिंतीपलीकडून टक-टक-टक-टक. ललितने लग्न करून घरात सुतारपक्षी आणलाय.

मेघाची गिटार. विजेवरची. ती गिटार कॉम्प्युटरला जोडते आणि कानाला हेडफोन लावते. तिला त्यात काय ऐकू येतं ते तिला माहीत. माझ्या वाट्याला नुसती तारांची टकटक. कोरडी, न संपणारी. दोनेक मिनिटं सहन केली. मग चष्म्याच्या डबीने भिंतीवर दोनदा ठोकलं. थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पण हळू. इतकी हळू की मला झोप लागली.

सून शहाणी आहे. तीन वर्षांत तिसऱ्यांदा ठोकायची वेळ आलेली नाही.

१४ एप्रिल, रविवार

ललित घरी. शनिवारी धुळ्याहून येतो, सोमवारी सकाळच्या बसने जातो. बायको इथे माझ्याजवळ, नोकरी तिथे. मेघाचं पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालतं, म्हणून ही सोय. सोय कोणाची ते विचारू नये.

शेवभाजी केली होती. जेवताना ललितने बातमी फोडली. मेघाने एक संगीत तयार करून परदेशातल्या कुठल्याशा साइटवर पाठवलंय. तिथे जगभरातले लोक व्हिडिओ गेममधल्या चाली घेऊन आपल्या पद्धतीने नव्याने बांधतात. परीक्षक ऐकतात, पसंत पडलं तर साइटवर कायमचं लावतात, नाही तर अभिप्राय देऊन परत. पैसे नाहीत, बक्षीस नाही. मग कशासाठी? तर ‘आई, तिला आवडतं.’ बरं.

मोबाइलवर ऐकवलं. मी म्हटलं, लोखंडी कपाट जिन्यावरून सोडून दिल्यासारखं वाटतंय. ललितचा चेहरा पडला, मेघा मात्र हसली. ‘आई, याला मेटल म्हणतात.’ मेटलच, म्हटलं, भांड्यांच्या दुकानातही तेच असतं.

पण मूळ चाल कशातली ते तिने सांगितलं. लहानपणी गावात भाऊ आणि ती टीव्हीला जोडून गेम खेळायचे, पिवळ्या कॅसेटचा. त्यातल्या भुयारात वाजणारी चाल. वीज गेली की सगळं पहिल्यापासून, म्हणून ती चाल तिने हजार वेळा ऐकलेली. भुयाराच्या पुढे दोघं कधीच पोचले नाहीत. हे सांगताना तिचा आवाज बदलला. मला आवाजातलं कळतं. उगाच नाही सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर आणि चौकशीच्या टेबलावर डोक्याला हेडफोन लावून काढली. माणूस नुसतं ‘हॅलो’ म्हणाला की ओळखायचे — एकटा आहे की शेजारी कोणी उभं आहे. शेजारी कोणी असलं की शब्द तेच असतात, पण खाली चटई घातल्यासारखे पडतात.

२३ एप्रिल, मंगळवार

नापास केलं!

मेघाने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला, वाचलं, मिटला, आणि कोथिंबीर निवडायला बसली. एक जुडी निवडायला तिला अर्धा तास लागला. विचारलं तर म्हणाली, ‘अभिप्राय आलाय आई. बरोबर आहे त्यांचं.’ काय बरोबर आहे? ‘काही नाही. वरण गरम करू?’

मी मागून घेऊन वाचलं. इंग्रजीला मी घाबरत नाही. तीन परीक्षक. पहिल्याला मांडणी आवडली, ड्रम मशीनचे वाटले. तिसऱ्याने चार ओळींत उरकलं. दुसऱ्याने मात्र पानभर लिहिलंय. म्हणे गिटार भित्री आहे. वादक तारांना हात लावायची परवानगी मागतोय असं वाटतं. कॉम्प्युटरमध्ये आवाज कितीही जाड करा, बोटांत नसलेला जोर मागून घालता येत नाही. आणि दोन मिनिटं चौदा सेकंदांवर तर हात जवळजवळ थांबतो, तो पुढे शेवटपर्यंत सावरतच नाही. गिटार पुन्हा वाजवून वीस मेपर्यंत पाठवली तर पुन्हा ऐकू.

भित्री! माझी सून? केळीच्या ट्रकांच्या रांगेतून हायवेवर स्कूटर काढते ती. गॅस एजन्सीच्या माणसाला तिने दारातून परत पाठवला होता, सिलिंडर वजन करून आण म्हणून. आणि हा कोण टिकोजीराव, कुठल्या थंड देशात बसून हिला भित्री म्हणणार?

‘परत वाजवणार ना?’ विचारलं. ‘बघू,’ म्हणाली. या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली.

२४ एप्रिल, बुधवार

कढी फुटली. त्या माणसामुळे.

२५ एप्रिल, गुरुवार

पत्र लिहिलं.

त्या साइटवर अभिप्रायाखाली आपलं म्हणणं लिहायला जागा असते. मेघा बाजारात गेली होती. मोबाइलवरून खातं उघडलं, स्वतःच्या नावाने. लपवायचं काय? ‘डिअर सर’ने सुरुवात केली. कॉन्व्हेंटमध्ये पत्र कसं लिहायचं ते शिकवलं होतं, विसरले नाही. म्हटलं, दोष काढणं सोपं असतं. म्हटलं, ज्या मुलीला तुम्ही भित्री म्हणता ती सकाळी साडेपाचला उठते, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळते आणि उरलेल्या दीड तासात हे वाजवते. तुम्ही एकदा आमच्या जळगावच्या एप्रिलात पंखा बंद ठेवून वाजवून दाखवा. शेवटी ‘यूअर्स फेथफुली’, नाव, आणि खाली निवृत्त सुपरवायझर, टेलिफोन.

राग कसला आला ते लिहिताना कळलं. सातवीत होते. शाळेच्या कॉयरमध्ये उभी राहायचे, दुसऱ्या रांगेत. एकदा सिस्टर जवळ आली, वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. चार वर्षं ओठ हलवले. बक्षीस समारंभाला बाबा रेल्वेच्या नोकरीतून सुट्टी काढून यायचे आणि म्हणायचे, तुझा आवाज मला वेगळा ओळखू आला. मी काय सांगणार?

त्या दिवशी माझ्या बाजूने कोणी पत्र लिहिलं नाही. मेघाच्या बाजूने मी लिहिलं. हलकं वाटलं.

२७ एप्रिल, शनिवार

हलकं वाटायची शिक्षा मिळाली.

मेघाला पत्र दिसलं. तिला काय, सगळ्या जगाला दिसलं. खाली चाळीस-पन्नास जणांनी लिहिलंय. कोणी हसतंय, कोणी लिहितंय की अशी सासू आम्हालाही हवी. मला त्यात वाईट काय ते कळेना.

मेघा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ललितची बॅग अजून दारातच होती, तो बिचारा चप्पल काढावी की घालावी या विचारात. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, ‘आई, ते माझं होतं. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. तेवढ्या एकाच जागी मी कोणाची सून नव्हते.’

मी म्हटलं, तुझ्याच बाजूने लिहिलं ना?

‘हो,’ म्हणाली. ‘तेच.’

आणि पोळ्या लाटायला गेली. ललित माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आई, तू पण ना.’ बत्तीस वर्षांचा झाला तरी त्याच्या मतांची लांबी एवढीच आहे.

२९ एप्रिल, सोमवार

घरात तीन दिवस टकटक नाही. दुपारी झोपही नाही.

३० एप्रिल, मंगळवार

त्या परीक्षकाने उत्तर दिलं. मला. ‘डिअर मॅडम’ करून! मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

लिहितो, तुमचं पत्र वाचून मी ते तीनदा पुन्हा ऐकलं. तिला वाजवता येत नाही असं मी म्हटलेलं नाही. उत्तम येतं, म्हणून तर पानभर लिहिलं. न येणाऱ्याला मी दोन ओळी लिहितो. पहिली दोन मिनिटं ती दबकत का होईना पण पुढे जात राहते. चौदाव्या सेकंदाला काहीतरी होतं. काय होतं ते मला इथून कळत नाही. मॅडम, तुम्ही त्याच घरात आहात. तिला विचारून बघा.

आगाऊ माणूस.

विचारलं नाही. ती माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का’ एवढंच बोलते.

६ मे, सोमवार

शुक्रवारी आखाजी, अक्षय्य तृतीया. मेघा माहेरी गेली, ललितबरोबर सकाळच्या बसने. माहेर पांझरेकाठी, धुळ्याजवळ. दर आखाजीला जातेच, पण दोन दिवस आधी. यंदा चार. लॅपटॉप घेतला. गिटार नाही.

निघताना ललित स्वयंपाकघरात येऊन कानाशी म्हणाला, ‘आई, बुधवारी रमीज सर येतील. गिटार द्यायची आहे त्यांना. मेघाने विकायची ठरवलीय. तू काही बोलू नकोस.’

मी कधी काही बोलते का?

८ मे, बुधवार

रमीज आला. धुळ्याला गिटारचा क्लास घेतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. चाळिशीचा, पोट सुटलेलं, वागायला अदबशीर. मेघा कॉलेजात असताना त्याच्याकडेच शिकली. चव्वेचाळीस डिग्रीत बसने आला म्हणून पन्हं दिलं. दोन ग्लास प्यायला.

गिटार कव्हरमधून काढली आणि उलटसुलट करून बघायला लागला. मग कव्हरच्या कप्प्यात हात घातला आणि एक तिकोनी चकती काढली. पिक म्हणतात, तार छेडायची. त्याने ती उजेडात धरली. टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी झिजली की वरून दुसरी, असे तीन थर.

‘मावशी, हे काय आहे?’

मला काय माहीत, म्हटलं.

‘असं कोणी करत नाही. याने तारेचा आवाज मरतो.’ मग हसून म्हणाला, ‘हिने तर माझ्या क्लासात एका दिवसात दोन तारा तोडल्या होत्या. खालचा सायकलवाला खाजाभाई वर येऊन विचारायचा, सर, आज ती पोरगी आली का, म्हणजे मी दुकान लवकर बंद करतो.’

मी म्हटलं, दाखव. पट्टीवाल्या पिकने वाजव, मग तुझ्या पिकने वाजव.

त्याने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढून गिटारला लावलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. दहा वर्षांनी डोक्यावर हेडफोन! पाठ आपोआप ताठ झाली. आधी पट्टीवाली. सूर बरोबर, बोटं बरोबर, पण दार लोटून घेऊन कोणी बोलतंय तसं. मग त्याने स्वतःची पिक घेतली आणि तेच वाजवलं. छातीत धक्का बसला. दार उघडलं म्हणण्यापेक्षा दार राहिलंच नाही.

हेडफोन काढून म्हटलं, आता नुसतं वाजव. दोन्ही.

रमीजच्या पिकची टकटक खोलीभर. पट्टीवालीची — बाजूच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जेमतेम ऐकू जाईल एवढी.

गिटार विकायची नाही, म्हटलं. ‘पण मेघाने सांगितलंय —’ मेघाला मी सांगते, म्हटलं. त्याने स्वतःची पिक टेबलावर ठेवली. ‘ही तिला द्या. आणि म्हणावं, तारा मी पुरवतो, तोडायचं काम तिचं.’

९ मे, गुरुवार

दुपारी मोबाइलला इअरफोन लावून मेघाचं संगीत ऐकलं. पहिल्यांदाच नीट. त्या रविवारी जेवताना ऐकलं होतं तेव्हा मी विनोद शोधत होते.

भुयार आहे. चाल वाकून, भिंतीला हात लावत पुढे जाते. दोन मिनिटं. मग वाटतं, आता हे फुटणार, बाहेर पडणार. आणि दोन-चौदाला हात थांबतो. एवढासा. नंतर वाजते ती गिटार चवड्यांवर चालते, शेवटपर्यंत.

लाइनवर असं हजारदा ऐकलंय. माणूस मोकळं बोलत असतो, मध्येच दारात कोणी येऊन उभं राहतं. पुढचं सगळं बोलणं ‘हो’, ‘बरं’, ‘कळवते’. मी बोर्डावर बसून शेजारणीला खूण करायचे — आली बघ सासू! आम्ही हसायचो.

साइटवर संगीताखाली मेघाने स्वतः एक ओळ लिहिलीय. गिटार घरी, एका दमात, १२ एप्रिल, दुपारी.

वही मागे उलटली. माझंच अक्षर. कॉन्व्हेंटचं, सुरेख, तिरकं. ‘दोनेक मिनिटं सहन केली. मग चष्म्याच्या डबीने भिंतीवर दोनदा ठोकलं.’

त्या सिस्टरने निदान जवळ येऊन, वाकून सांगितलं होतं. मी तर उठायचीही तसदी घेतली नाही.

१० मे, शुक्रवार. आखाजी

पुरणपोळ्या मी एकटीसाठी करत नाही. दोन आंबे कापून खाल्ले.

संध्याकाळी मेघाच्या आईला, ताईबाईंना फोन लावला. सणाचं विचारायला, असं मी स्वतःला सांगितलं. फोन उचलला तर कानठळ्या! गौराई बोळवायला सगळ्या नाल्यावर गेलेल्या. नाल्याच्या अलीकडे या गावच्या, पलीकडे त्या गावच्या, आणि मधून शिव्यांचा पाऊस. वर्षातून एकदा मुभा. लेकी-सुना दोन्ही काठांवरून एकमेकींच्या सात पिढ्या काढतात आणि मग आपापल्या घरी जाऊन पुरणपोळी खातात. मी लहान असताना आमच्या गावीही असायचं. मला पाठवायचे नाहीत. कॉन्व्हेंटची मुलगी.

‘इहीनबाई, आयकू येस का?’ ताईबाई ओरडत होत्या. ‘बठ्ठ्या बाया नाल्यावर शेतस. मेघा बी आठेच शे!’ म्हणजे सगळ्या बायका नाल्यावर, मेघाही तिथेच.

मी म्हटलं, राहू द्या, फोन बंद करू नका. जरा ऐकू द्या.

आणि ऐकलं. पन्नास बायकांच्या कालव्यात एक आवाज सगळ्यांच्या वरून जात होता. पलीकडच्या कोणाच्या तरी नवऱ्याचं नाक काढलं होतं तिने, आणि त्याची बैलाशी तुलना करून बैलाची माफी मागत होती. अलीकडचा काठ हसून लोळत होता. तीन वर्षं एका छताखाली राहतो आम्ही. तो आवाज मेघाचा आहे हे ओळखायला मला, मला, अर्धं मिनिट लागलं!

शेजारी मी नसले की ती अशी असते.

१४ मे, मंगळवार

मेघा आली. घसा पूर्ण बसलेला. डब्यातून पुरणपोळ्या आणल्या, ताईबाईंनी खापरावर केलेल्या, रुमालासारख्या पातळ.

खोलीत गेली, तशीच बाहेर आली. ‘रमीज सर आले नव्हते?’ फुसफुसतच विचारलं.

आले होते. पन्हं पिऊन गेले, म्हटलं.

टेबलावर रमीजची पिक ठेवली होती. तिने उचलली, बघितली, परत ठेवली. पट्टीवाली पिक कुठे गेली ते विचारलं नाही. ती मी कचऱ्याच्या गाडीत टाकली, स्वतः खाली उतरून.

‘सॉरी’ म्हणायला मला काही वाटत नाही. इंग्रजीत आयुष्यभर म्हटलंय, चुकीचा नंबर लागला तरी. पण सुनेसमोर उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं! सकाळपासून चारदा तोंडाशी आलं. एकदा तर ‘मेघा’ एवढं म्हणूनही झालं. ती वळली. मी म्हटलं, दही लाव.

वीस तारखेला सहा दिवस आहेत.

१५ मे, बुधवार

पाच. दुपारी भिंतीला कान लावून पडले. काही नाही.

१६ मे, गुरुवार

दोन वाजता सुरू झाली. टक. टक-टक. हळू, तशीच, चवड्यांवर. मी डबी उचलली आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. लगेच थांबली. मग उठले, भिंतीला तोंड लावलं, आणि सत्तर वर्षांत कधी ओरडले नव्हते तशी ओरडले — ‘हॅलो! ऐकू येत नाही! मोठ्याने!’